पोटात घातलेल्या चुका

भागवत बोंबटकार कोण, असं नांदुऱ्यात विचाराल तर दहा जण सांगतील आणि दहाही जण त्याला काट्यावरचा भागवत म्हणूनच ओळखत असतील. स्टेशनच्या पलीकडे एका जिनिंगशेजारी धरमकाटा आहे. त्यावर ट्रक चढतो, ट्रॅक्टर चढतो, आतल्या खोलीत भागवत कॉम्प्युटरवर वजन बघतो आणि पावती खिडकीतून बाहेर देतो. एकोणीस वर्षं झाली, तो हेच करतोय. माणूस बोलायला मऊ. कुणाला 'नाही' म्हणायची वेळ आली की घास अडकल्यासारखा चेहरा होतो त्याचा. त्याच खोलीत बसून या माणसानं एक प्रोग्राम लिहिला आणि तो आज तीन देशांतल्या दवाखान्यांत चालतो, हे सांगितलं तर ते दहा जण तुम्हालाच हसतील.

पण ते खरं आहे. भागवत मूळचा पिंपळगाव राजाचा. तिथल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी आठ वर्षांपूर्वी त्याच्यासमोर औषधांची खोकीच्या खोकी फेकून दिली होती. मुदत संपली होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एवढी औषधं वाया गेलेली भागवतला बघवेनात. काट्यावर दोन गाड्यांच्या मधे जो वेळ मिळायचा त्यात शिकून शिकून त्यानं चार महिन्यांत एक प्रोग्राम तयार केला. कपाटात कोणतं औषध किती आहे आणि कशाची मुदत संपत आली आहे, एवढंच तो सांगायचा. नाव ठेवलं 'शिल्लक'. आणि हा विकायचा नाही असं ठरवून त्यानं तो इंटरनेटवर उघडा ठेवून दिला. ओपन सोर्स म्हणतात त्याला. आतलं सगळं लिखाण कुणीही वाचावं, वापरावं, चूक दिसली तर सांगावी, जमलं तर सुधारून पाठवावं. नेपाळातल्या एका दवाखान्यानं घेतला, मग केनियातल्या दोघांनी. मदतीला माणसं आली. त्यांतला प्रसेनजित सगळ्यात कामाचा. अमरावतीकडचा, आता बंगळुरूला नोकरीला, वयानं भागवतपेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि शिस्तीनं त्याच्या दुप्पट.

इंटर्न घ्यायची टूम या प्रसेनजितचीच. बाहेरच्या देशातली एक संस्था अशा प्रकल्पांवर तीन महिने काम करायला विद्यार्थी देते, त्यांना मानधनही तीच देते. प्रसेनजितनं अर्ज केला, तो मंजूर झाला आणि मार्गदर्शक म्हणून त्यानं भागवतचं नाव घातलं. संस्थेनं पंचवीस पानांची नियमपुस्तिका पाठवली. इंटर्नकडून काय अपेक्षा आहेत, ते त्यात सविस्तर होतं. प्रश्न खासगीत न विचारता सगळ्यांना दिसेल असा विचारावा. अडलं तर दिवसभराच्या आत सांगावं. काम थोडं थोडं पाठवावं. दर आठवड्याला काय झालं, काय फसलं ते लिहावं. टीका आपल्या कामावर असते, आपल्यावर नसते, हे ध्यानात ठेवावं. आणि ठळक अक्षरात: दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवणाऱ्याची इंटर्नशिप तिथेच संपेल. शेवटची दोन पानं मार्गदर्शकासाठी होती. चुका स्पष्ट दाखवा, इंटर्नचं काम स्वतः करू नका, असं काहीसं. ही पानं भागवतनं वरवर चाळली. आपल्याला माणसाशी कसं वागावं ते कळतं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

अर्ज जगभरातून आले. नावं झाकून, नुसतं काम बघून प्रसेनजितनं आणि आणखी दोघांनी निवड केली. नावावरचा पडदा काढला तर निवडलेली मुलगी निघाली बुलढाण्याची. संजीवनी काळवाघे, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. नांदुऱ्यापासून पुरती साठ किलोमीटरही नाही. भागवतला इतका आनंद झाला की त्या दिवशी त्यानं एका ट्रॅक्टरवाल्याला दुसऱ्याचीच पावती दिली.

आणि इथूनच गडबड सुरू झाली. संस्थेच्या मते हे सगळं काम घरबसल्या, एकमेकांचं तोंड न बघता व्हायचं होतं. पण मुलगी रोज कॉम्प्युटरवर ज्याच्याशी बोलणार तो माणूस कोण, कसा, हे बघितल्याशिवाय आपल्याकडचा बाप गप्प कसा बसेल? पहिल्याच रविवारी तिचे वडील उत्तमराव राजूरचा घाट उतरून, मोताळ्यावरून बस बदलून नांदुऱ्याला दाखल झाले. सोबत संजीवनी आणि पिशवीत स्वतःच्या मळ्यातली वांगी, मेथी, हिरव्या मिरच्या. भागवतच्या बायकोनं, रुपालीनं, त्याच वांग्यांची भाजी करून त्यांना जेवू घातलं. गोष्टी निघाल्या, दूरची का होईना ओळख लागली आणि पानं उचलेपर्यंत संजीवनीचा 'सर' कुठल्या कुठे जाऊन 'काका' झाला होता. निघताना उत्तमरावांनी हात जोडले.

"पोरगी तुमच्या पदरात टाकून चाललो, भाऊ," ते म्हणाले. "चुकली-माकली त पोटात घाला."

आपल्याकडे असं म्हणायची पद्धत आहे. लेक सासरी धाडताना म्हणतात, पोराला दुकानात कामाला लावताना म्हणतात. ऐकणारा 'हो हो' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लावतो. पण भागवतनं तो शब्द धरूनच ठेवला.

संजीवनीचं पहिलं काम होतं मुदतीच्या सूचनेचं. औषधाच्या पाकिटावर पुष्कळदा फक्त महिना आणि वर्ष छापलेलं असतं. त्याचा अर्थ, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. संजीवनीनं पहिल्या तारखेलाच मुदत संपली असं धरलं होतं. म्हणजे चांगलं औषध महिनाभर आधीच कचऱ्यात. चूक मोठी नव्हती, दोन ओळींत सांगता आली असती. भागवतनं त्या दोन ओळी लिहिल्यासुद्धा. मग त्याच्या मनात आलं, हे केनियातले लोक वाचणार, नेपाळातले वाचणार, प्रसेनजित वाचणार. पोरीचं पहिलंच काम, आणि चार लोकांत तिची चूक काढायची? त्यानं त्या ओळी पुसल्या. काट्यावर दुपारी गर्दी नसते, तेव्हा डबा खाता खाता त्यानं तिच्या कामात हात घालून ते स्वतःच नीट केलं, वर नाव तिचंच राहील याची काळजी घेतली आणि खाली लिहिलं, "मस्त झालं. शाब्बास."

पुढच्या कामात चार चुका होत्या, त्याच्या पुढच्यात सात. भागवतनं खरोखरच सगळं पोटात घातलं. घरी येऊन तो रुपालीला कौतुकानं सांगायचा, पोरगी किती हुशार आहे, किती भरभर काम करते. संजीवनीनं मधे दोनदा विचारलं, काका, काही चुकलं का, तुम्ही बदल केलेला दिसतोय. भागवतनं उत्तर दिलं, काही नाही गं, थोडं इकडचं तिकडं केलं. तिसऱ्या वेळेपासून तिनं विचारणं सोडलं. आठवड्याचं टिपण मात्र ती दर शनिवारी लिहायची आणि ते दर शनिवारी आखूड होत गेलं. ते भागवतच्या लक्षात आलं नाही. आलं असतं तर त्यानं तेही लांब करून दिलं असतं, असा माणूस.

सहाव्या आठवड्यात मध्यावरचं मूल्यमापन होतं. इंटर्नला पुढे ठेवायचं की नाही, हे मार्गदर्शकानं शुक्रवारपर्यंत लिहून द्यायचं. त्याआधी बुधवारी संध्याकाळी सगळ्यांचा मिळून एक व्हिडिओ कॉल झाला. संजीवनीनं आपलं काम दाखवलं. प्रसेनजितनं शांतपणे एक प्रश्न विचारला: महिन्याचा शेवटचा दिवस तू कसा काढलास? फेब्रुवारीत काय होतं?

संजीवनी काही बोलली नाही. प्रसेनजितला वाटलं आवाज गेला असेल, त्यानं पुन्हा विचारलं. ती पडद्याकडे बघत राहिली. नजर खाली गेली, वर आली आणि एकदाच, अगदी क्षणभर, जिथे भागवतचा चौकोन असेल तिकडे वळली. तिथे भागवत बसला होता, माईक बंद करून. ते मी केलं, एवढंच त्यानं म्हणायचं होतं. पण तोंड उघडलं तर पोरीनं काम स्वतः केलं नाही हे सगळ्यांना कळेल, या विचारानं त्यानं माईक बंदच ठेवला. ती सांगेल, असं त्याला वाटलं. तीही काकांना उघडं पाडायला तयार नव्हती. शेवटी ती हळूच म्हणाली, मला सांगता येत नाही. पुढचा विषय सुरू झाला.

तासाभरात प्रसेनजितचा मेसेज आला. तो चिडलेला नव्हता, पण सरळ होता. कामातली निम्मी रचना या मुलीच्या हातची वाटत नाही, तिनं कुठून तरी उचललेली दिसते. नियम तुम्हाला माहीत आहे. शुक्रवारी तुम्ही काय लिहाल त्यावर आहे. मला वाईट वाटतं, पण तिला थांबवावं लागेल.

भागवतनं तो मेसेज तीनदा वाचला. ज्या पोरीवर डाग पडू नये म्हणून आपण हे सगळं केलं, तिच्यावर आता चोरीचा डाग पडणार. कॉलेजला कळणार, उत्तमरावांना कळणार. आणि चोरी कुणाची केली तिनं? भागवतची. तीही तिनं न मागता, भागवतनंच तिच्या हातात ठेवलेली. त्याला जेवण जाईना. रुपालीनं विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, मी चांगल्यासाठीच केलं ना गं.

रुपाली आज अंगणवाडीत मदतनीस आहे. पण लग्न होऊन पिंपळगाव राजाला आली तेव्हा सासूबरोबर रोज शेतात निंदायला, म्हणजे तण काढायला, जायची. निंदताना प्रत्येक बाईच्या वाट्याला पिकाच्या ओळींची एक पट्टी येते, तिला पात म्हणतात. नवी बाई मागे पडली की शेजारची आपली पात सांभाळून तिचीही थोडी ओढते, म्हणजे ती एकटी मागे दिसत नाही.

"तुमच्या मायनं दोन दिस माही पात वढली," रुपाली म्हणाली. "तिसऱ्या दिशी मले मांगं सोडून देलं. साऱ्या बाया बांधावर जाऊन बसल्या अन् मी एकटी वावरात. रडली मी. पण खुरपं कसं धरा लागते, थे मले त्या दिशी समजलं. तुमी त्या पोरीले तिसरा दिसच येऊ देला नाही."

भागवतला राग आला. खरं ऐकल्यावर आधी रागच येतो. त्या पोरीचे वडील काय म्हणाले होते ते तुले माहीत नाही का, असं काहीतरी तो पुटपुटला. रुपालीनं पुन्हा एकदा जेवायला सांगितलं आणि ती भांडी घासायला निघून गेली.

गुरुवारी भागवतनं काट्यावरून रजा घेतली. एकोणीस वर्षांत हंगामाच्या दिवसांत घेतलेली ही दुसरी. पहिली वडील गेले तेव्हाची. सकाळी आठला तो बसला. संजीवनीनं पाठवलेली सगळी मूळ कामं त्याच्याकडे जपलेली होती. प्रकल्पाच्या उघड्या चर्चेत, जिथे केनियातले, नेपाळातले, संस्थेचे सगळे वाचतात, तिथे त्यानं लिहिलं: गेल्या सहा आठवड्यांत संजीवनीच्या नावावर जे काम जमा झालं, त्यातलं बरंचसं मी केलं आहे. नाव तिचं ठेवलं तेही मीच. तिला मी तिच्या चुका सांगितल्या नाहीत. तिनं विचारलं तेव्हा टाळलं. तिनं काही उचललेलं नाही. तिचं खरं काम खाली देतो आहे.

आणि मग त्यानं ते खरं काम एकेक करून खाली लावलं आणि प्रत्येकाखाली काय चुकलं ते लिहिलं. पहिली चूक लिहायला त्याला पाऊण तास लागला. वाक्य कडक वाटायचं म्हणून तो पुसायचा, मऊ केलं की त्यातून काही कळायचंच नाही म्हणून पुन्हा पुसायचा. दहाव्या चुकीपर्यंत हात थोडा बसला. लिहिता लिहिता त्याला एक गोष्ट दिसली, जी दुरुस्त करण्याच्या घाईत त्याला कधी दिसलीच नव्हती. पोरगी चुकत होती, पण दोनदा एकच चूक करत नव्हती. त्यानं काही न सांगताही, त्यानं बदललेल्या ओळी बघून बघून ती शिकत आली होती. पाचव्या आणि सहाव्या आठवड्याच्या कामाला तर त्यानं उगाचच हात लावला होता. ते जसं होतं तसं चाललं असतं. संध्याकाळपर्यंत एकूण तेवीस चुका लिहून झाल्या. त्यानं बटण दाबलं आणि अंगणात जाऊन उभा राहिला. चार लोकांतच काय, चार देशांत आपण आपली लाज काढली, असं त्याला वाटत होतं.

फोन आला तो संजीवनीचा. आधी ती रडत होती, म्हणून भागवत घाबरला. सवयीनं तो म्हणायला लागला, अगं, त्या चुका काही मोठ्या नाहीत.

"काका, तुमी थांबा," ती म्हणाली. "मी काम पाठवो, तुमी म्हणा मस्त झालं, अन् दुसऱ्या दिशी पाहो त माही एक ओळ जाग्यावर नाही. मले वाटे, ह्या पोरीले सांगून काही फायदाच नाही, असं तुमाले वाटत असन. सहा हप्ते मी हेच समजून होती. मी त सोडून द्याचा मेल लिहून ठेवला होता."

आपल्या चांगुलपणाचा असा अर्थ निघू शकतो, हे भागवतच्या चव्वेचाळीस वर्षांत कुणी त्याला सांगितलं नव्हतं. कुणी कशाला सांगेल? सगळे त्याच्यासारखेच भले होते. माफ कर असं म्हणावं, असं त्याला मनापासून वाटलं आणि तो ते म्हणाला. संजीवनीनं नाक पुसलं आणि विचारलं, अकराव्या क्रमांकाला तुम्ही चूक म्हटलंय, ती चूक कशी ते मला समजावून सांगा, कारण मला ती चूक वाटत नाही. ते दोघं त्यावर अर्धा तास भांडले. अकरावी चूक खरोखरच चूक नव्हती.

शुक्रवारी संस्थेचं उत्तर आलं. इंटर्ननं अडचण वेळेत सांगायला हवी होती, तेवढा ठपका तिच्यावर ठेवला. पण काम तिचं आहे, दिशा बरोबर आहे, तिनं पुढे चालू ठेवावं. मार्गदर्शक म्हणून मात्र यापुढे प्रसेनजित राहील. स्वतःच्याच प्रकल्पावर भागवतची मार्गदर्शकी गेली. त्याला वाईट वाटलं आणि ते त्यानं लपवलं नाही; दोन दिवस तो काट्यावर गुमसुम होता. प्रसेनजित काही पोटात घालणारा नव्हता. त्यानं पहिल्याच आठवड्यात संजीवनीचं काम पाच वेळा परत पाठवलं. शनिवारची तिची टिपणं पुन्हा लांब व्हायला लागली. त्यात एका ठिकाणी तिनं लिहिलं, 'आज फेब्रुवारी मला नीट समजला.'

दहाव्या आठवड्यात तिनं उघड्या चर्चेत एक नवीन नोंद टाकली. दवाखान्यात एखादं औषध परत आलं आणि नोंद करताना घाईत बटण दोनदा दाबलं गेलं, तर शिल्लक दोनदा वाढते. कपाटात नसलेलं औषध पडद्यावर दिसत राहतं. चूक आठ वर्षांपूर्वीची, प्रोग्रामच्या अगदी मुळातली, लिहिणारा भागवत. ती कशी सापडली, कोणत्या वेळी होते, दोन दवाखान्यांत झाल्याचा पुरावा, सगळं तिनं नीट मांडलं होतं. आणि खाली एक ओळ: 'हे दुरुस्त कसं करायचं ते मला साधारण सुचतंय, पण ज्यांनी लिहिलं त्यांनीच करावं.'

दोन दिवसांनी सकाळीच उत्तमरावांचा फोन आला. पोरीनं घरी सांगितलं होतं आणि ते हादरून गेले होते. ज्या माणसानं तिच्यासाठी एवढं केलं, त्या वडीलधाऱ्या माणसाची चूक तिनं जगभरात काढली. तिला बोलायची अक्कल नाही. भाऊ, मनावर घेऊ नका, मी तिला ती पुसून टाकायला लावतो. भागवतच्या खिडकीबाहेर एक ट्रॅक्टर पावतीसाठी उभा होता.

"पुसू नोका देऊ," भागवत म्हणाला. "मी केलेली दुरुस्ती तिनं काल वापस पाठवली, उत्तमराव. एक जागा सुटली म्हणते. बरोबर हाय तिचं. ठेवू का फोन? मले थे आज करून पाठवा लागते."

त्यानं फोन ठेवला, ट्रॅक्टरवाल्याला पावती दिली आणि सुटलेली जागा शोधायला बसला.